परिशिष्ट क

हॅथरवॉलच्या कारखान्याची पाटी
माझ्या वडिलांनी चार वेळा रंगवली.
तसं त्यांचं खरं काम रेघेचं.
खारीच्या केसांचा कुंचला, रोखलेला श्वास,
बॉनेटच्या नाकापासून मागच्या दिव्यापर्यंत
एकच रेघ, हात न उचलता.
शिंक आली तर अख्खं दार पुन्हा खरवडायचं.
पाटी म्हणजे वरकड काम: दोन शिलिंग आणि चहा.

पहिली होती 'ब्रँड्रेथ आणि पुत्र'.
पुत्र युद्धातून परतला नव्हता.
पोरगा नाव काढेल, असं म्हातारा पूर्वी म्हणायचा;
नंतर काही म्हणाला नाही.
दर एप्रिलला त्या एका शब्दाला
सोन्याचा वर्ख तेवढा नवा लावून घ्यायचा.

मग 'ब्रँड्रेथ मोटर्स लिमिटेड'.
भागधारकांना हिरवळीवर सामन,
कँटीनमध्ये त्या दिवशीही वाटाण्याचा लगदा.

मग बिस्किटवाले आले, लिव्हरपूलचे, गोड बोलणारे.
पाटीवर ते वर मोठे, आम्ही खाली बारीक.
नाताळला माणशी एक डबा दिला
आणि जानेवारीत बाराशेंतले चारशे घरी बसवले.
डबे अजून आहेत गावात. कुणाच्या सुया, कुणाची बिलं,
ऑलिव्ह टॅटलॉककडे तिच्या नवऱ्याची कवळी.

चौथी पाटी वडिलांनी काळ्या रंगात लिहिली,
वर्खाला हात न लावता: 'ताबा न्यायालयाकडे'.
तो हिवाळा तीन दिवसांच्या आठवड्याचा.
मी पगार-कचेरीत, एकवीस वर्षांची,
मेणबत्तीच्या उजेडात टाइप करायचे.
पिल्सबरी नावाचे गृहस्थ लंडनहून आले.
खुर्च्या मोजल्या, अक्रोडाच्या फळ्या मोजल्या,
जन्मात काटेरी तार न पाहिलेल्या
नॉर्वेच्या बैलांची कातडी मोजली,
बॉनेटवर बसवायच्या चांदीच्या टिटव्या: एकेचाळीस.
बेचाळिसावी आमच्या न्हाणीघराचं दार अडवून होती.

शेवटी मला एक कागद दिला. तीन प्रती, मध्ये कार्बन.
परिशिष्ट अ, जमीन. ब, यंत्रं.
क: नाव, नावाचं वळण, टिटवी.
गहाण.
मी विचारलं, नाव कसं हो गहाण टाकतात?
ते म्हणाले, नुसती पद्धत असते, मिस.
मी टाइप केलं. एकही खाडाखोड नाही.

तेवीस वर्षं तो कागद कपाटात झोपला.
मग कारखाना लिंत्सच्या कंपनीनं घेतला,
भट्ट्या, माणसं, आमच्या पेन्शनी, सगळं.
बँड वाजला, महापौरबाईंनी फीत कापली,
आणि पुढच्याच आठवड्यात कळलं
की नाव मिलानला गेलंय.
वकिलांनी कपाट उघडलं.
कागदाच्या तळाशी टाइप करणारीची आद्याक्षरं असतात,
तीही पद्धतच.
हा एन. एच. कोण, नवा साहेब विचारत होता.
मी टाइपरायटरवरचं कापड नीट करत राहिले.

लोक आजही लिंत्सवाल्यांना नावं ठेवतात,
मिलानवाल्यांनी नाव बुडवलं म्हणतात.
माझं नाव कुणी घेत नाही.

वडिलांना पाचव्यांदा बोलावलं, एक्क्याऐंशीव्या वर्षी.
काय लिहू, त्यांनी विचारलं.
साहेबांचं ठरत नव्हतं.
अर्धा तास ते शिडीवर उभे राहिले,
मग कोऱ्या पाटीवर एक आडवी रेघ ओढून उतरले.
मध्यावर जरा थरथरली होती ती.
महिन्याभरात तिथं प्लास्टिक आलं.

सत्तावीस नंबरची बस अजून फाटकासमोर थांबते.
टेपवरची बाई सांगते: पुढचा थांबा, ब्रँड्रेथ.
थांब्याचं नाव परिशिष्टात घालायचं
तेव्हा कुणाला सुचलं नाही.
मी तिथं उतरत नाही.
एक थांबा पुढे जाते,
आणि मागे चालत येते.